काळ्या कोंबडीचे कूळ

अकबराच्या दरबारातील अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना इंदूर आणि निर्मळ या भागांतील पोलादाच्या खाणी आणि दगडी भांडी यांच्या जोडीला त्याने एका नवलाची नोंद केली आहे. इथे एक पाळीव कोंबडी आढळते, तिची हाडे आणि रक्त काळे असते, असे तो सांगतो. हे इंदूर म्हणजे आम्हा होळकरी इंदूरकरांचे गाव नव्हे. ते तेलंगणातले, आजचे निजामाबाद. पण काळ्या हाडांची कोंबडी म्हटले की आमच्या इंदूरच्या माणसाची नजर आपोआप पश्चिमेला, दीडशे किलोमीटरवरच्या झाबुआकडे वळते. अबुल फजलची कोंबडी आणि झाबुआचा कडकनाथ एकाच कुळातले, असे एवढ्या एका ओळीवरून ठरवता येत नाही. मात्र असा पक्षी आपल्या मुलखात चारशे वर्षांपूर्वीही लोकांच्या डोळ्यांत भरत होता, एवढे त्यावरून निश्चित कळते.

कडकनाथचे मूळ घर झाबुआ, अलीराजपूर आणि धार या पट्ट्यातले. तो पाळणारे भिल्ल आणि भिलाला. तिकडे त्याला ‘कालामासी’ म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाचा. पिसे, चोच, तुरा, जीभ, कातडी, मांस आणि हाडांवरचे आवरण, सगळ्यांवर काळी झाक. रक्त मात्र लालच असते, नेहमीपेक्षा थोडे गडद एवढेच. अंडेही काळे नसते, फिकट तपकिरी असते. या जातीत तीन रंगप्रकार मानतात : निखळ काळा, पिसांवर पांढुरक्या रेघा असलेला पेन्सिल्ड आणि सोनेरी झाक असलेला. पूर्ण वाढलेला नर दीड-दोन किलोचा, मादी त्याहून हलकी. वर्षाला अंडी शंभराच्या आसपास, तीही नशीब असेल तर. शिवाय कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसायला फारशी राजी नसते. म्हणून तिची अंडी बहुधा दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. काळे पिल्लू तांबड्या कोंबडीच्या पंखाखाली वाढते, तेव्हा कुठे कूळ पुढे चालते.

झाबुआच्या एका हाटात मी कडकनाथची चौकशी केली, तेव्हा टोपलीमागे बसलेल्या म्हातारीने आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग नराची चोच बोटाने उघडून जीभ दाखवली आणि म्हणाली, “देखो भाऊ, अंदर से काला.” मी किंमत विचारली, तर हा विकायचा नाही म्हणाली. हा देवाचा. त्या भागात दिवाळीनंतर देवीला कडकनाथ वाहण्याची रीत आहे, आणि देवाला द्यायचा पक्षी भेसळीचा चालत नाही. मला वाटते, सरकारी कागद येण्याआधी या जातीची नोंदवही होती ती हीच.

कागद नंतर आला. लेगहॉर्न आणि ब्रॉयलर कोंबड्यांचा जोर वाढत असतानाच, १९७८ साली, मध्य प्रदेश सरकारने झाबुआत कडकनाथसाठी उबवणी केंद्र सुरू केले. पुढे ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाच्या अखत्यारीतील झाबुआ कृषी विज्ञान केंद्राने पिल्ले वाढवणे, लसीकरण आणि आदिवासी कुटुंबांना पिल्ले देणे हे काम हाती घेतले. ‘घर की मुर्गी दाल बराबर’ असे म्हणणाऱ्या मुलखात घरच्या कोंबडीचे मोल कळायला असा कागदोपत्री आधार लागला.

२०१२ साली भौगोलिक निर्देशांकासाठी झाबुआतून अर्ज गेला. मध्येच छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही हक्क सांगितला. अखेर २०१८ मध्ये झाबुआला मानांकन मिळाले आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला. त्या नोंदीतले नाव मात्र नीट वाचावे : ‘झाबुआ कडकनाथ ब्लॅक चिकन मीट’. मानांकन मांसाला आहे. मांसाचे नाव राखले की कूळ आपोआप राखले जाते, असा समज झाला तर तो महागात पडेल.

कारण या जातीत एक गोम आहे. काळेपणावरून शुद्धता ओळखता येत नाही. १९११ साली विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी काळ्या कातडीच्या सिल्की कोंबड्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सिल्की नर आणि ब्राऊन लेगहॉर्न मादी अशी जोडी लावली, तर नर पिल्ले फिकी निघतात, पण माद्या गडद काळ्या. काळा रंग दाबणारा गुण लेगहॉर्न आई फक्त मुलग्यांना देते, मुलींना देत नाही. पुढे २०११ च्या संशोधनातून दिसले की सिल्की आणि इतर काळ्या जातींत विसाव्या गुणसूत्राचा एकच तुकडा दुप्पट होऊन उलटापालट झालेला आहे. कडकनाथमध्येही हीच उलथापालथ आढळली आहे. हा काळेपणा वारंवार नव्याने उपजला नसून बहुधा एकाच मुळातून पसरला, असा त्याचा अर्थ. व्यवहारात याचा अर्थ आणखी साधा : अर्धी संकर असलेली कोंबडीही अस्सल दिसू शकते. तिची जीभ तपासून उपयोग नाही, तिचे आईबाप ठाऊक हवेत.

मानांकनानंतर मागणी वाढली आणि भाव चढला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ पालनाच्या नावाखाली शेतकऱ्यांची मोठी फसवणूक उघडकीस आली. पिल्ले चढ्या दराने द्यायची आणि अंडी चढ्या दराने परत घेऊ म्हणायचे. खरेदी थांबली, तेव्हा खाद्याचा खर्च आणि कोंबड्या दोन्ही शेतकऱ्यांच्या अंगावर पडल्या. बेळगाव, निपाणीच्या वाचकांना ती चर्चा आठवत असेल. तिथे कोंबडी पाळली जात नव्हती, तिच्या नावावर पैसा फिरवला जात होता. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यातल्याच एका कडकनाथ पालनकेंद्रात बर्ड फ्लू आला आणि पक्षी मारावे लागले. एका छपराखाली साठवलेले कूळ एका आठवड्यात जाऊ शकते, हे तेव्हा दिसले.

म्हणून मला वाटते, कडकनाथ टिकायचा तो अनेक अंगणांत विखरून. प्रत्येक अंगणात थोड्या माद्या, बाहेरचा कोंबडा आत येणार नाही एवढी निगराणी, पिल्ले कोणत्या जोडीची याची वहीत टीप, आणि दर काही वर्षांनी दुसऱ्या गावातल्या अस्सल नराशी अदलाबदल, म्हणजे रक्त जवळचे होत नाही. दुभाषी मुलखात राहणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. घरची बोली दारावरच्या पाटीने टिकत नाही, चुलीपाशी रोज बोलली तरच टिकते. आणि शेजारच्या बोलीच्या पंखाखाली वाढूनही ती आपली राहू शकते.

ज्यांच्याकडे परसदार आहे आणि हौस आहे, त्यांनी कडकनाथ जरूर पाळावा. फक्त पिल्ले जाहिरात पाहून घेऊ नयेत. सरकारी उबवणी केंद्र किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून घ्यावीत आणि घेताना किमतीआधी एक प्रश्न विचारावा : यांचे आईबाप कुठले?