पाच किलोमीटरचा सिनेमा

गेल्या भागात मी रिळाच्या सिनेमाबद्दल जरा जास्तच हळवा झालो. पुतण्यानं ऐकलं आणि म्हणाला, "काका, चित्र तर मोबाइलवर जास्त साफ दिसतं की!" खरंय त्याचं. म्हणून आज हिशोबानं बोलू.

सेकंदाला 24 चित्रं. एका फुटात 16, म्हणजे मिनिटाला 90 फूट. तीन तासांचा सिनेमा झाला 16,200 फुटांचा, जवळजवळ पाच किलोमीटर! एवढी फिल्म डब्यांत, डबे पेटीत, आणि पेटी परभणीत यायची.

कधी यायची, हा प्रश्न होता. परभणी 1948 पर्यंत निझामाच्या राज्यात, 1960 साली महाराष्ट्रात. पण सिनेधंद्याच्या नकाशावर मराठवाडा पुढंही कित्येक वर्षं 'निझाम' सर्किटमध्येच! राज्य गेलं, वितरकांच्या वहीत नाव राहिलं. प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच निघायच्या. मोठ्या शहरांत झिजल्या की मग आमच्या जिंतूर-सेलूकडं. फिल्म तुटली की ऑपरेटर ब्लेडनं कड खरवडून, सोल्यूशन लावून सांधा द्यायचा. दर सांध्यात दोन-चार चित्रं कमी. आवाजाची पट्टीही त्याच फिल्मच्या कडेला, त्यामुळं शब्दही जायचे. थोडक्यात, मुंबईपेक्षा आमचा सिनेमा छोटा असायचा.

लहानपणी जत्रेतल्या तंबूत एक मारधाडीचा सिनेमा पाहिला. खलनायक तोंड उघडतो, आणि थेट जमिनीवर पडलेला! पुढं टीव्हीवर मधलं सगळं दिसलं, तर मलाच ते उपरं वाटलं. आमच्या गावचा सिनेमा तो नव्हताच.

जुन्या मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटायची. कांड्या जळत जायच्या, म्हणून अंतर सतत सांभाळावं लागे. ऑपरेटरला डुलकी लागली की हिरॉईन काळवंडायची आणि तंबूत शिट्ट्या सुरू. आणखी एक गंमत बघा. फिल्म पुढं सरकताना उजेड झाकावा लागतो. म्हणजे तीन तासांतला साधारण निम्मा वेळ पडदा अंधारातच असतो, बरं का! ती उणीव आपणच भरून काढतो, कळत नाही एवढंच.

2010 नंतरच्या चार-पाच वर्षांत प्रिंटा गेल्या. आता मुंबईच्याच शुक्रवारी परभणीत सिनेमा लागतो, पूर्ण, न कापलेला. आमच्या वाट्याला कायम झिजलेलंच यायचं, त्यामुळं हे मला कमी वाटत नाही. दुखतं ते वेगळंच. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 ला झालं. तोवर बरंच गेलं होतं. 1931 चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज नाही. मग आमच्या तंबूतली ती सांध्यांनी भरलेली प्रिंट कोण जपणार?

परभणी, गंगाखेड, मानवत, पाथरीकडं कुणी जुने ऑपरेटर असतील तर कळवा. सांधा कसा द्यायचे, ते त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करायचंय. मशीन नसलं तरी चालेल.