गिटार, डावखुरी हॉलो-बॉडी इलेक्ट्रिक
डाव्या हाताने तारा छेडणाऱ्यांसाठी उलट रचनेने घडवलेली पोकळ अंगाची विद्युत गिटार. उजव्या हाताच्या गिटारीला नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही. नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या) खाचा तारांच्या जाडीप्रमाणे बदलाव्या लागतात, ब्रिज (अंगावरचा तारांचा आधार) पुन्हा जुळवावा लागतो आणि कटअवे (मानेजवळ अंगाला दिलेला खोलगट काप) एकाच बाजूला असेल, तर उंच स्वरांच्या फ्रेटपर्यंत बोटे पोचणे कठीण जाते. मागणी थोडी असल्याने अशी वाद्ये अनेकदा मर्यादित आवृत्तीतच निघतात. डावखुरे संगीतकार पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हँबुर्गला घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफ्नर बेस गिटार मात्र मुळातच डावखुरी होती. १९७२ मध्ये ती चोरीला गेली. ती परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यांची एपिफोन कॅसिनो ही गिटार मात्र उजव्या हाताचीच, उलटी करून तारा बदललेली आहे.