ब्लूज आणि रॉक संगीतातील उसनवारी

ब्लूज आणि रॉक संगीतातील उसनवारी : एका रचनाकाराची चाल, शब्द किंवा गिटारवरची ठळक स्वरावली दुसऱ्याने आपल्या गाण्यात वापरण्याची प्रथा आणि तिच्यातून उद्भवलेले श्रेयाचे व स्वामित्वहक्काचे वाद. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय गायकांचे ब्लूज आणि 1960 नंतर त्यावर पोसलेले ब्रिटिश रॉक यांच्यातील देवघेव हा या विषयाचा गाभा. या संदर्भात ‘चोरी’ हा शब्द सर्रास वापरला जातो; पण गाणे उचलणे वेगळे आणि त्याखाली फक्त स्वतःचे नाव घालणे वेगळे. येथील बहुतेक तंटे नाव घालण्यावरून झाले आहेत, कारण मानधन नावामागे जाते.

ब्लूज ही मुळात तोंडी परंपरा. तीन कॉर्डवर उभा असलेला ‘ट्वेल्व्ह-बार’ हा साचा, पहिली ओळ दोनदा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे, एवढी चौकट सर्वांची सामाईक होती. ओळीच्या ओळी या गायकाकडून त्या गायकाकडे जात आणि प्रत्येक जण त्या आपल्या पद्धतीने जुळवी. रॉबर्ट जॉन्सनने 1937 मध्ये डॅलसला ध्वनिमुद्रित केलेल्या ‘लव्ह इन व्हेन’च्या चालीवर लिरॉय कारच्या दोनच वर्षांपूर्वीच्या एका गाण्याची छाप स्पष्ट ऐकू येते. शिकागोतील मडी वॉटर्सच्या ‘हूची कूची मॅन’ने (1954) रूढ केलेली थांबत थांबत जाणारी ठेवण बो डिडलीने ‘आय ॲम अ मॅन’मध्ये घेतली, आणि मडी वॉटर्सने लगेच 1955 मध्येच ‘मॅनिश बॉय’ काढून त्याला उत्तर दिले. या उत्तरावर रचनाकार म्हणून बो डिडलीचेही नाव लागले. ‘हूची कूची मॅन’ लिहिणारा विली डिक्सन (1915–1992) स्वतःही या प्रथेबाहेरचा नव्हता. लिटल वॉल्टरसाठी त्याने लिहिलेले ‘माय बेब’ हे ‘धिस ट्रेन’ या जुन्या भक्तिगीताच्या चालीवर बेतलेले आहे.

कायद्याला मात्र कागद लागत असे. अमेरिकेच्या 1909 च्या स्वामित्वहक्क कायद्याने रचनेला संरक्षण दिले ते स्वरलिपीच्या रूपात. ध्वनिमुद्रणाला संघीय कायद्याचे संरक्षण मिळाले ते 1972 मध्ये. ज्यांचे गाणे गळ्यात आणि बोटांत होते त्यांच्या वतीने कागद केला तो कंपन्यांनी, आणि बऱ्याचदा स्वतःच्या सोयीने. शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सशी जोडलेली आर्क म्युझिक ही प्रकाशन कंपनी मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, डिक्सन आणि चक बेरी यांच्या गाण्यांचे हक्क सांभाळी. बेरीच्या ‘मेबेलीन’वर (1955) रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो यांची नावे सहरचनाकार म्हणून चढली; ती निघून गाणे एकट्या बेरीच्या नावावर यायला 1986 उजाडले. परक्याच्या गाण्यावर नाव चढवण्याची कला इंग्लंडातून अमेरिकेत गेली असे म्हणणे म्हणूनच कठीण आहे.

तरीही या वादाचे ठळक उदाहरण म्हणून लेड झेपेलिन या ब्रिटिश गटाचेच नाव घेतले जाते, आणि ते अन्यायाचे नाही. 1969 च्या पहिल्या संग्रहात त्यांनी डिक्सनची दोन गाणी त्याच्या नावानिशी घेतली. त्याच संग्रहातले ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ मात्र गटाचा गिटारवादक जिमी पेज याच्या एकट्याच्या नावावर छापले गेले. हे गाणे जेक होम्स या गायकाच्या 1967 च्या संग्रहात त्याच नावाने आहे, आणि पेज तेव्हा ज्या यार्डबर्ड्स गटात होता त्याच्या न्यूयॉर्कमधील कार्यक्रमाआधी होम्सने ते त्याच वर्षी गायले होते. होम्सने 2010 मध्ये दावा लावला, तो तडजोडीने मिटला. ‘बेब, आय ॲम गोना लीव्ह यू’ची गोष्ट वेगळी. पेजने ते जोन बाएझच्या ध्वनिमुद्रणावरून ऐकले आणि ‘पारंपरिक’ म्हणून छापले. त्याची रचनाकार ॲन ब्रेडन हयात होती. पुढे तिचे नाव लागले. या गाण्यात लबाडीपेक्षा बेफिकिरी दिसते.

दुसऱ्या संग्रहात (ऑक्टोबर 1969) प्रकरण अधिक उघडे पडते. ‘होल लॉटा लव्ह’ची सुरुवातीची गिटारची स्वरावली पेजची, याबद्दल वाद नाही. तिच्यावर रॉबर्ट प्लांट जे शब्द गातो, त्यांतले बरेचसे डिक्सनने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने 1962 मध्ये गायलेल्या ‘यू नीड लव्ह’मधले आहेत. डिक्सनने 1985 मध्ये दावा केला आणि 1987 मध्ये तडजोड होऊन त्याचे नाव श्रेयात आले. ही उचल प्लांटने पुढे मोकळेपणाने मान्यही केली. ‘ब्रिंग इट ऑन होम’ तर दोन तुकड्यांचे गाणे आहे : आरंभ आणि शेवट म्हणजे डिक्सनने सनी बॉय विल्यमसनसाठी लिहिलेले त्याच नावाचे संथ गाणे, हार्मोनिकासह; मधला धडाकेबाज भाग गटाचा स्वतःचा. छापील श्रेय मात्र सगळ्याचे पेज आणि प्लांट यांना. ‘द लेमन साँग’मध्ये हाउलिन वुल्फचे ‘किलिंग फ्लोअर’ सामावलेले आहे. या दोन्ही गाण्यांवरून 1972 मध्ये आर्क म्युझिकने दावे लावले आणि न्यायालयाबाहेर मिटवले. पुढे डिक्सन आणि मडी वॉटर्स यांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी त्याच आर्कवर दावा लावावा लागला.

नाव दिले की काय होते याचा दाखला क्रीम या गटाने दिला. त्यांनी 1966 मध्ये ‘आय ॲम सो ग्लॅड’ स्किप जेम्सच्या नावानिशी घेतले. त्याचे मानधन कर्करोगाने आजारी असलेल्या जेम्सच्या अखेरच्या वर्षांत त्याच्या उपयोगी पडले. रोलिंग स्टोन्सने रॉबर्ट विल्किन्सचे ‘प्रॉडिगल सन’ 1968 मध्ये आधी जॅगर–रिचर्ड्स या नावांनी छापले, दुरुस्ती मागाहून झाली.

न्यायालयांनी हा गुंता सोडवला तसा वाढवलाही. जॉन ली हूकरच्या ‘बूगी चिलन’शी (1948) झीझी टॉपच्या ‘ला ग्रेंज’चे (1973) साम्य असल्याचा दावा होता. 1995 मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की तबकडी विक्रीस काढणे म्हणजेच रचना प्रकाशित करणे होय. नोंदणीची आणि नूतनीकरणाची मुदत त्या तारखेपासून मोजली जाऊ लागल्याने जुनी ब्लूज गाणी एका फटक्यात बेवारस ठरण्याची वेळ आली. अमेरिकी काँग्रेसने 1997 मध्ये कायदा बदलला, आणि त्याच्याच आधारे 2000 मध्ये ‘लव्ह इन व्हेन’वरील जॉन्सनचा हक्क अबाधित राहिला. जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ खटल्यात (1976) न्यायाधीशांनी नकळत केलेली नक्कल हीसुद्धा नक्कलच, असे मानले.

लेड झेपेलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’वरील (1971) खटला 2014 मध्ये उभा राहिला. त्याची आरंभीची गिटार स्पिरिट गटाच्या ‘टॉरस’मधून (1968) घेतल्याचा आरोप होता. ‘टॉरस’ जुन्या कायद्याखाली नोंदलेले असल्याने तुलना नोंदणीवेळी जमा केलेल्या स्वरलिपीशीच करायची, असे ठरले. दोन तबकड्या एकापुढे एक वाजवून साम्य ठरवण्याची मुभा ज्यूरींना मिळाली नाही. 2016 चा निकाल गटाच्या बाजूने लागला, 2018 मध्ये फेरसुनावणीचा आदेश झाला आणि मार्च 2020 मध्ये अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मूळ निकाल कायम केला. अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत जाणारी ओळ ही संगीतातली सामाईक सामग्री असून तिच्यावर कुणाची मालकी सांगता येत नाही, हा बचाव त्यात टिकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.