ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय? घरच्या कॉम्प्युटरचा वेग वाढवण्याआधी हे वाचा

परीक्षा संपल्या की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो, "सर, घरचा कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करू का?" आणि पाठोपाठ अब्बांचा फोन येतो, "सर, हा पोरगा मशीन जाळणार तर नाही ना?" दोघांनाही एकदमच उत्तर मिळावे म्हणून हे लिहितो आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण घरी अख्ख्या कॅबिनेटला 'सीपीयू' म्हणतो. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ही मदरबोर्डवर कूलरखाली बसलेली छोटी चिप असते. ती कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

वेगाचा हिशोब

मदरबोर्डचा मूळ ठोका साधारण १०० मेगाहर्ट्झ असतो. प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. गुणक ४५ असेल तर वेग ४,५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.५ गिगाहर्ट्झ. गुणक ४८ केला की ४.८.

हा नाद जुना आहे. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा होता. मदरबोर्डचा ठोका ६६ वरून १०० केला की तो ४५० वर पळायचा. थोड्या पैशात महागड्या प्रोसेसरचे काम! आज इतका फायदा मिळत नाही, कारण कंपन्याच 'टर्बो' किंवा 'बूस्ट' नावाने बहुतेक वेग आधीच काढून देतात.

आपल्या मशीनवर होईल का?

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' किंवा 'केएफ' असावे लागते (उदा. आय५-१२६००के) आणि मदरबोर्ड 'झेड' मालिकेचा लागतो. एएमडीचे डेस्कटॉप रायझन बहुतेक सगळे खुले असतात, ५८००एक्स३डीसारखे काही अपवाद. पण मदरबोर्ड 'बी' किंवा 'एक्स' मालिकेचा हवा. ए५२०, ए६२० वर हे होत नाही. लॅपटॉपवर तर हा प्रयोग करूच नका.

खरी किंमत उष्णतेची

वेग वाढवला की चिप जास्त व्होल्टेज मागते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा वेग ४.५ वरून ४.८ केला आणि व्होल्टेज १.२० वरून १.३०. वेग वाढला ७ टक्क्यांच्या आत, उष्णता वाढली सुमारे २५ टक्के. म्हणून चांगला कूलर आणि दमदार एसएमपीएस नसेल तर इथेच थांबावे.

पाचगणीकरांनी अजून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहोत. इथली हवा विरळ असल्याने पंखा थोडी कमी उष्णता वाहून नेतो. थंडीत गारव्याने ते भरून निघते. पण टेबललँडकडची लाल धूळ कूलरच्या पात्यांत बसते आणि पावसाळ्यात ओल धरते. आधी कॅबिनेट साफ करा, गरज असल्यास थर्मल पेस्ट बदला.

करायचेच असेल तर असे करा

१. घरातले फोटो, दाखले, हिशोब पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

२. यूपीएस लावा. बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर मदरबोर्डच बंद पडू शकतो.

३. काहीही बदलण्याआधी सिनेबेंच चालवून गुण वहीत लिहा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहून तेही लिहा.

४. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. गुणक फक्त एकाने वाढवा, सेव्ह करा.

५. पुन्हा सिनेबेंच दहा मिनिटे चालवा. तापमान ८५ अंशांच्या आत राहिले आणि मशीन अडकले नाही, तर आणखी एक वाढवा.

६. निळा स्क्रीन आला किंवा मशीन आपोआप रीस्टार्ट झाले की एक पायरी खाली या. नवख्याने व्होल्टेज वाढवत बसू नये.

७. शेवटी प्राइम९५ काही तास चालवून खात्री करा.

मशीन चालूच झाले नाही तर घाबरू नका. प्लग काढा, मदरबोर्डवरची गोल सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे काढून परत बसवा. सगळी सेटिंग मूळ जागी येतात.

अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर

आजची चिप फार तापली की स्वतःच वेग कमी करते, शेवटी बंद पडते. त्यामुळे ती सहसा लगेच जळत नाही. पण जादा व्होल्टेज तिचे आयुष्य कमी करते. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर झाले. ती तर कंपनीची सेटिंग होती, आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आपल्या हाताने केलेल्या ओव्हरक्लॉकिंगच्या नुकसानीला मात्र सहसा वॉरंटी मिळत नाही.

दुसरा धोका गुपचूप येतो. अस्थिर मशीन कधी कधी बंद न पडता चुकीचे उत्तर लिहिते आणि फाइल खराब होते. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायच्या आदल्या रात्री हे कळले तर?

म्हणून आमचा सल्ला असा. घरात एकच कॉम्प्युटर असेल, त्यावर भावंडांचा अभ्यास आणि दुकानाचा हिशोब चालत असेल, तर ओव्हरक्लॉकिंग नको. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावा, ८ जीबी रॅमची १६ करा. फरक डोळ्यांना दिसेल. शिकायची हौस असेल तर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुना खुला प्रोसेसर आणि मदरबोर्ड शोधा आणि त्यावर हात बसवा.

आणि अब्बा-अम्मींना एक विनंती. मुलाला नुसते "हात लावू नकोस" म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा, वहीतले आकडे त्याच्याकडून समजावून घ्या. भौतिकशास्त्राचा एक धडा घरबसल्या पक्का होईल.