ओव्हल, ४ सप्टेंबर १९७९: नऊ रन कमी पडले तो दिवस

आजचा एपिसोड एकाच दिवसाबद्दल आहे. ४ सप्टेंबर १९७९, लंडनचं ओव्हल मैदान, भारत विरुद्ध इंग्लंड, चौथ्या टेस्टचा शेवटचा दिवस. निकाल काय, तर ड्रॉ. "पाच दिवस खेळून ड्रॉ? मग उपयोग काय?" असं विचारणारा एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. त्याला हा एपिसोड आवर्जून पाठवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या टीमसाठी तो उन्हाळा फार वाईट चालला होता. जूनमध्ये इंग्लंडमध्येच वर्ल्ड कप झाला आणि त्यात आपण तिन्ही मॅच हरलो. एक तर श्रीलंकेकडून, ज्यांना तेव्हा टेस्ट खेळण्याचा दर्जाही नव्हता. मग टेस्ट सिरीज सुरू झाली. एजबॅस्टनला डावाने हरलो. लॉर्ड्सला पहिल्या डावात ९६ वर ऑलआऊट झालो. दुसऱ्या डावात विश्वनाथ आणि वेंगसरकरने शतकं ठोकली म्हणून ती मॅच वाचली. लीड्सची मॅच पावसात गेली. म्हणजे ओव्हलला आलो तेव्हा ०-१ असे मागे होतो, आणि इंग्लंडने चौथ्या डावात आपल्यासमोर टार्गेट ठेवलं ४३८.

हा आकडा केवढा मोठा आहे बघा. तेव्हा चौथ्या डावातल्या विजयी पाठलागाचा विक्रम होता ४०६. तो आपलाच होता, १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला केलेला. पुढे २००३ मध्ये वेस्ट इंडिजने ४१८ केले आणि आजही तोच विक्रम आहे. ४३८ चा पाठलाग टेस्टच्या इतिहासात कुणालाच जमलेला नाही.

चौथ्या दिवसाच्या शेवटी भारत बिनबाद ७६. पाचव्या दिवशी हवे होते ३६२. शहाण्या माणसाने काय केलं असतं? दिवसभर नांगर टाकून मॅच वाचवली असती. सुनील गावसकर आणि चेतन चौहान यांनी सुरुवातही तशीच सावकाश केली. पण विकेट काही पडेना. दोघांची भागीदारी २१३ पर्यंत गेली. चौहान ८० वर आऊट झाला. हा चौहान म्हणजे पुण्यात वाढलेला, महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला ओपनर. ४० टेस्टमध्ये त्याचं एकही शतक नाही, पण समोर तो उभा होता म्हणून गावसकरला मोकळेपणाने खेळता आलं.

मग वेंगसरकर आला. टी-टाइमला स्कोअर १ बाद ३०४. आता इंग्लंडच्या ड्रेसिंग रूमला घाम फुटला. कॅप्टन माइक ब्रिअर्लीने काय केलं, तर खेळच संथ केला. शेवटच्या तासात २० ओव्हर्स टाकणं बंधनकारक होतं, पण त्याआधीच्या अर्ध्या तासावर तसं बंधन नव्हतं. त्या अर्ध्या तासात इंग्लंडने टाकल्या फक्त सहा ओव्हर्स. नियमात बसणारी चलाखी! २० ओव्हर्स उरल्या तेव्हा हवे होते ११०, आणि हातात नऊ विकेट्स.

३६६ वर वेंगसरकर ५२ करून आऊट झाला. आणि इथे तो निर्णय आला, ज्यावर आजही वाद होतो.

चौथ्या नंबरवर विश्वनाथ यायला हवा होता. त्याच्या जागी आला २० वर्षांचा कपिल देव. हेतू स्पष्ट होता: फटके मारायचे आणि ओव्हर्स वाचवायच्या. कपिल शून्यावर गेला. त्यानंतर यशपाल शर्मा आला. विश्वनाथ तेव्हाही पॅव्हेलियनमध्येच. हा तोच विश्वनाथ, ज्याने तीन वर्षांपूर्वी त्या ४०६ च्या पाठलागात शतक केलं होतं!

३८९ वर गावसकर गेला. बोथमच्या बॉलवर मिड-ऑनला गॉवरने कॅच घेतला. २२१ रन, ४४३ बॉल, आठ तासांहून जास्त वेळ क्रीझवर. अजून ४९ हवे होते. विश्वनाथ एकदाचा आला, १५ करून परतला. बोथमने आणखी दोन विकेट्स काढल्या, शिवाय कॅप्टन वेंकटराघवनला रनआऊट केलं. शेवटच्या ओव्हरला १५ हवे, दोन विकेट्स शिल्लक. जिंकणं, हरणं, टाय, ड्रॉ, चारही गोष्टी शक्य. भारत ८ बाद ४२९ वर थांबला.

आता माझं मत. कपिलला पाठवणं चूक होती असं मला वाटत नाही. रन पटकन हवे असताना फटकेबाज पाठवणार नाही तर काय? तो शून्यावर गेला म्हणून निर्णय मूर्खपणाचा ठरत नाही; त्याने दहा बॉलमध्ये पंचवीस मारले असते, तर आपण आज त्याच निर्णयाला मास्टरस्ट्रोक म्हटलं असतं. चूक झाली ती त्यानंतर. पहिला डाव फसल्यावर लगेच विश्वनाथ यायला हवा होता. जुगार एकदा खेळून बघायला हरकत नाही, पण तो फसल्यावर अनुभवी माणूस बाहेर बसलेला नको.

तरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. १ बाद ३६६ असताना मॅच वाचवणं अगदी सोपं होतं. बॅट-पॅड जवळ ठेवून खेळले असते तर कुणी काही बोललं नसतं. सात विकेट्स ६० रनच्या आत पडल्या, कारण ही टीम जिंकायला गेली. तीच टीम, जी तीन महिन्यांपूर्वी श्रीलंकेकडून हरली होती. सिरीज ०-१ अशीच गेली आणि दौऱ्यानंतर वेंकटराघवनचं कॅप्टनपदही गेलं.

म्हणून पुढच्या वेळी स्कोअरकार्डवर नुसतं 'ड्रॉ' दिसलं, तर स्क्रोल करून पुढे जाऊ नका. चौथ्या डावाचा स्कोअर बघा, विकेट्स कधी पडल्या ते बघा. ३६६, ३६७, ३८९, ४१०, ४११, ४१९, ४२३. एवढे सात आकडे ओळीने वाचले तरी त्या संध्याकाळी काय झालं ते कळतं.

तुम्ही कॅप्टन असता तर चौथ्या नंबरवर कुणाला पाठवलं असतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.