‘पाहिजे’ कोणाला?

कामगार न्यायालयात दाखल होणाऱ्या प्रतिज्ञापत्रांवर आम्ही आजवर पुष्कळ सह्या केल्या. इंग्रजी प्रतिज्ञापत्रात सहीखाली ‘डिपोनंट’ असे छापलेले असते. साक्ष देणारा, एवढा अर्थ आम्ही धरून चाललो होतो. पुढे रद्दीच्या दुकानात लॅटिनचे एक जुने व्याकरण हाती लागले. तेथे हाच शब्द क्रियापदांच्या एका जातीला लावलेला आढळला.

जात मोठी चमत्कारिक. ‘लाउदो’ म्हणजे मी स्तुती करतो, ‘लाउदोर’ म्हणजे माझी स्तुती केली जाते. शेवटचा ‘र’ कर्मणीचा. पण ‘सेक्वोर’ म्हणजे मी मागोमाग जातो! सेक्वोर, सेक्वेरिस, सेक्वितुर. सेक्विमुर, सेक्विमिनी, सेक्वुन्तुर. रूपे सारी कर्मणीची, अर्थ कर्तरी. बोलणे, सोसणे, मरणे यांसाठीची लॅटिन क्रियापदे याच जातीची. यांनी कर्मणी अर्थ खाली ठेवला, असे समजून वैयाकरणांनी हे नाव दिले. साक्षीदार आपले म्हणणे न्यायालयापुढे ठेवतो, म्हणून तोही डिपोनंटच.

आमच्या वऱ्हाडाशी याचा काय संबंध, असे श्रोते विचारतील. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरास १२७८च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. त्या काळच्या मराठीत कर्मणीची ‘इजे’कारान्त रूपे सर्रास चालत. ‘कीजे’ म्हणजे केले जाते, ‘म्हणिजे’ म्हणजे म्हटले जाते. आजचे ‘म्हणजे’ त्यातूनच आले. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चे तसेच रूप. पाहिले जाते, शोधले जाते, असा त्याचा मूळ अर्थ. ती रूपपद्धती गेली, पाहण्याचा अर्थही गेला, आणि उरली नुसती मागणी. हिंदीतल्या ‘चाहिए’ची कुळकथाही अशीच आहे.

मात्र कर्मणीची खूण राहिलीच. ‘मला भाकर पाहिजे’, ‘मला भाकरी पाहिजेत’. क्रियापद भाकरीकडे पाहून बदलते. मागणाऱ्याकडे ते ढुंकूनही पाहत नाही. ‘मले पायजे’ म्हणणाऱ्या आमच्या माणसाचीही तीच गत. आणि मागणारा वाक्यातून वगळला तरी काही अडत नाही. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या घोषणेने १९५६ ते १९६० या काळात मैदाने दणाणली. वेगळा विदर्भ मागणाऱ्यांनीही हेच क्रियापद वापरले. दोन्हीकडे ‘कोणाला’ हा शब्द नाही! जमावाला ते सोयीचे असते. पोलिसाने कोणाचे नाव लिहून घ्यावे?

एका जिनिंग कारखान्यात आम्ही हंगामी मजुरांचे मागणीपत्र दिले. ‘हंगामाचा बोनस मिळाला पाहिजे’ एवढेच त्यात होते. व्यवस्थापकाने ते परत केले. म्हणाला, “पाहिजे खरे, पण कोणाला? येथे तर कोणीच दिसत नाही.” व्याकरण त्याच्या बाजूचे होते. आम्ही ‘आम्हांस’ हा शब्द वर घालून खाली छत्तीस नावे लिहिली, अंगठे घेतले. बोनस मिळाला. पुढच्या हंगामात त्या छत्तिसांपैकी अकरा जणांना फाटकावरूनच परत पाठवले.

तेव्हापासून मागणीपत्रावर आम्ही पहिली सही आमची करतो. फाटकावरच्या घोषणेत मात्र नाव घालत नाही.