जळगाव जामोद : एका शांत गावाचे दप्तर

नांदुऱ्याला रेल्वेतून उतरावे आणि जळगावची एस.टी. पकडावी. येरळीच्या पुलावरून पूर्णा ओलांडली की रस्ता सरळ उत्तरेला जातो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, दिवाळीच्या सुमारास पांढरी फुललेली पऱ्हाटी, काढणी झालेल्या सोयाबीनची मोकळी वावरे, आणि समोर सातपुड्याची निळसर भिंत. भिंत जवळ येऊ लागली की गाव येते. बुलढाणा जिल्ह्यातले हे तालुक्याचे ठिकाण, जळगाव जामोद.

एका संपादक मित्राला मी या गावाविषयी लिहितो आहे असे कळवले, तेव्हा त्याने विचारले, "तिथे काय आहे? शांत गाव आहे ते." प्रश्न त्याने सहज विचारला, पण माझ्या मनातून तो गेला नाही. मी इतिहासाची पदवी घेतलेली नाही. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांच्या दिवसांत जुनी गॅझेटियरे चाळत आणि माणसांशी बोलत जे शिकलो तेवढेच माझे भांडवल. त्या बळावर एवढे म्हणतो की गाव आपोआप शांत होत नसते. त्याच्या शांततेलाही इतिहास असतो.

सुरुवात नावापासून करू. स्थानिक माणूस नुसते 'जळगाव' म्हणतो. जिल्ह्याबाहेर पडला की त्याला पुढे 'जामोद' जोडावे लागते, नाहीतर समोरचा खान्देशातले जळगाव समजतो. जामोद हे जवळचेच, पायथ्याचे दुसरे गाव. खान्देशातले जळगाव रेल्वेच्या मुख्य मार्गावर आले, वाढले, जिल्ह्याचे ठिकाण झाले. त्यामुळे ओळख पटवण्याची जबाबदारी या जळगावावर पडली. दोन गावांचे नाव एक असले की शेपूट कोणाला लागते, यावरूनच कोण मागे राहिले ते कळते.

हे गाव मागे कधी पडले? सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील नरनाळा सरकारात जळगाव हा परगणा आहे. पूर्वेला नरनाळ्याचा किल्ला, उत्तरेला डोंगर ओलांडला की मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मोठे शहर बुऱ्हाणपूर. त्या काळच्या नकाशात जळगाव कोपऱ्यात नव्हते. इथल्या जमिनीचाही यात भाग असावा. पूर्णेच्या काठाला खारपाणपट्टा आहे, विहिरीचे पाणी मचूळ लागते. पायथ्याला मात्र गोडे पाणी. डोंगर आणि खारे पाणी यांच्यामधली ही पट्टी वस्तीला सोयीची. अकोट, तेल्हारा, जामोद, जळगाव ही गावे सातपुड्याच्या पायाशी ओळीने बसलेली दिसतात, त्याचे कारण मला यात दिसते.

पुढची दोनशे वर्षे हा पट्टा फौजांनी तुडवला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इथून पूर्वेला अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या तहानंतर वऱ्हाड निजामाकडे राहिले, आणि निजामाने कर्जापोटी १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या हवाली केले. शाळेच्या पुस्तकात हा सारा मजकूर दोन ओळींचा असतो. पायथ्याच्या शेतकऱ्याला मात्र दर खेपेस सारा कोणाकडे भरायचा हे नव्याने विचारावे लागले असेल.

तलवारीने केले नाही ते पुढे कापसाने केले. अठराव्या शतकात इंग्लंडच्या सूतगिरण्यांना कापसाचा मोठा पुरवठा कॅरिबियन बेटांवरून होत असे. त्यानंतर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी ती जागा घेतली. दोन्हीकडे शेतात राबणारी माणसे गुलाम होती. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे याच दशकात वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये तर केवळ कापसासाठी जलंब ते खामगाव असा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले.

लोहमार्ग पूर्णेच्या दक्षिणेकडून गेला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे रुळावर आली, खामगाव कापसाची मोठी पेठ झाली, आणि पूर्णेच्या उत्तरेकडचे जळगाव रुळापासून तुटले. कापूस इथेही पिकत होता. पण तो बैलगाडीने नदी ओलांडून दुसऱ्याच्या बाजारात जाऊ लागला. गाव शांत होण्याची पहिली पायरी माझ्या मते ही. बाजारभाव ठरण्याची जागाच गावातून उठून गेली.

दुसरी पायरी सीमांची. १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेरमांडणी झाली आणि खामगावसोबत जळगाव तालुका अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडण्यात आला. बुलढाणा घाटावर, जळगाव सातपुड्याच्या पायाशी. जिल्ह्याचे ठिकाण एका टोकाला आणि हा तालुका दुसऱ्या टोकाला, अशी स्थिती तेव्हापासून आहे. तिसरी पायरी १ नोव्हेंबर १९५६ ची. त्या दिवसापर्यंत जळगाव जामोद आणि बुऱ्हाणपूर ही दोन्ही एकाच, म्हणजे जुन्या मध्य प्रदेश राज्यात होती, राजधानी नागपूर. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, बुऱ्हाणपूर तिकडेच राहिले, आणि डोंगराच्या माथ्यावरून राज्याची सीमा गेली. ज्या डोंगरापलीकडे कधी सुभ्याचे शहर होते तिथे आता परराज्य सुरू झाले. रस्ता वाहता राहायला पलीकडेही आपले काम असावे लागते.

इथवरचे सारे छापील कागदांत सापडते. पण हे कागद राज्य करणाऱ्यांनी लिहिलेले आहेत. गावाचे स्वतःचे दप्तर निराळे आहे आणि ते कागदावर नाही. त्यातली दोन पाने मी पाहिली.

पहिले पान भेंडवळचे. याच तालुक्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. वाघ घराण्याकडे चालत आलेली ही परंपरा साडेतीनशे वर्षांची मानली जाते. मधोमध खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, आणि भोवती गोलाकार अठरा धान्ये. भाकिताच्या खरेखोटेपणाचा वाद दरवर्षी वर्तमानपत्रांत होतो. धान्याच्या जागेवरून पाऊस कळतो असे मीही मानत नाही. माझे लक्ष त्या अठरा धान्यांवर गेले. गहू, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, सरकी ही ओळखीची. पण त्यांच्याच रांगेत अंबाडी, जवस, करडी, भादली, मठ, लाख, मसूर, तीळ. यातली निम्मी पिके आज या शिवारात शोधून सापडणे कठीण. आणि ज्या सोयाबीनने गेल्या काही दशकांत विदर्भाची वावरे व्यापली, त्याला या घटात जागाच नाही.

म्हणजे हा घट एक जुना पीकपाहणीचा उतारा आहे. सोयाबीन येण्यापूर्वी, मिश्र पेऱ्याच्या काळात शेतकऱ्याच्या घरात काय काय येत असे याची ही नोंद. ती तलाठ्याने ठेवली नाही, एका घराण्याने आणि एका गावाने वर्षातून एक रात्र जागून ठेवली. भाकिताला हसणाऱ्याने हसावे, पण हसताना ती यादी उतरवून घ्यावी.

दुसरे पान अधिक जुने आहे आणि अधिक फाटके. जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांत कोरकूंच्या शेजारी निहाल राहतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात ते डोंगरातले लुटारू म्हणून येतात; आज बहुतेक जण शेतमजुरी करतात. त्यांची निहाली भाषा जगातल्या कोणत्याही भाषाकुळात नीट बसत नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ च्या खंडात तिची नोंद मुंडा भाषांबरोबर केली गेली. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कोरकू, मराठी-हिंदी आणि द्राविडी शब्द बाजूला काढले तरी तिच्यात सुमारे पाव हिस्सा शब्द असे उरतात की त्यांचे नाते कुठेच लागत नाही. बोलणारे अडीच हजारांच्या आसपास. जनगणनेत दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या छापत नाहीत, त्यामुळे सरकारी तक्त्यात ती दिसत नाही. युनेस्कोने ती अत्यंत संकटग्रस्त भाषांत धरली आहे.

एका वस्तीवर कापसाचा वेचा आटोपून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी आकडे मोजून दाखवायची विनंती केली. त्यांनी बोटे उघडली. "बिडुम, इरार, मोथो, नालो." पाचापासून पुढचे आकडे मला ओळखीचे वाटले, तुमच्या-आमच्याच पाच-सहाचे थोडे वळण बदललेले. दोन, तीन, चार यांचे नाते दक्षिणेकडच्या इरंडु, मूडु, नालु यांच्याशी आहे हे पुस्तकात वाचले होते. पण तो पहिला 'बिडुम' कोणाचा? त्याचे मूळ कोणाला सांगता आलेले नाही. चार बोटांत मला या मुलखाचा सारा इतिहास दिसला. पुढचे आकडे बाजाराने दिले, मधले कुठल्या तरी विसरलेल्या दक्षिणी शेजाऱ्याने, आणि 'एक' तेवढा त्यांचा स्वतःचा.

मी वहीत लिहीत होतो. बाबा थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "लिहून काय करता भाऊ? पोट्टे हसतेत आता हे बोललं तं." नातू दारातच उभा होता. तो खरेच हसत होता. शाळेत मराठी, शेजारी कोरकू, मोबाइलवर हिंदी. आजोबांची भाषा त्याला कळते, पण तो उत्तर मराठीत देतो.

परतताना जळगावच्या स्टँडवर नांदुऱ्याची गाडी यायला वेळ होता. आठवडी बाजार उठत आला होता. डोंगराकडे जाणाऱ्या बाया पिशव्या डोक्यावर घेऊन जीपची वाट पाहत होत्या, आपसांत हळू बोलत होत्या, आणि मी जवळ गेलो की मराठीत बोलू लागत होत्या. मघाचा मित्राचा प्रश्न आठवला. शांत गाव आहे हे खरे. रुळाने, जिल्ह्याने आणि सीमेने ते शांत केले, त्याला दीडशे वर्षे लागली. निहालीला इतका वेळ मिळणार नाही. त्या वस्तीवरचा नातू नातवंडांचा आजोबा होईल तेव्हा त्याला 'बिडुम' म्हणता आले नाही, तर या मुलखाच्या दप्तरातले सगळ्यांत जुने पान कोणी फाडल्याशिवायच गळून पडलेले असेल.

वहीतले ते चार आकडे मी इथे छापायला दिले आहेत. पण जळगाव-जामोदच्या शाळांत निहाल मुले बसतात. त्यांच्या एखाद्या गुरुजींनी वर्गात एकदा तरी विचारावे, "तुझ्या घरी एकला काय म्हणतात रे?" आणि मुलाने सांगितल्यावर वर्गाला हसू देऊ नये.